लाकडावरचा नंबर

गेले तीन शनिवार इथे काहीच टाकलं नाही. दोघातिघांनी मेल करून विचारलं, त्यांचे आभार. कारण नेहमीचंच, रिलीज. या वीकेंडला मात्र ठरवून बसलोय. विषय जरा वेगळा आहे: बंदुका. मी आयुष्यात रायफल एकदाच चालवली आहे, तीही कॉलेजात, एनसीसीच्या कँपमध्ये. पाच गोळ्या, त्यातली एक शेजारच्याच्या टार्गेटवर. तेव्हा हे कुणा तज्ज्ञाचं लिखाण नाही, डोक्यात शिरलेल्या किड्याचं आहे.

झालं असं. काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये ऑनसाईट होतो. रविवार, बाहेर तो त्यांचा न थांबणारा रिपरिप पाऊस, आणि गावात उघडं असं एकच ठिकाण: एका जुन्या रेजिमेंटचं दोन खोल्यांचं म्युझियम. आत हीटर होता म्हणून शिरलो, खोटं कशाला बोलू. एका काचेच्या पेटीत दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश स्नायपर रायफल होती, नंबर ४ मार्क १ (टी). लाकडी दस्ता, गाल टेकायला त्यावर बसवलेला आणखी एक लाकडी तुकडा, वर काळपट दुर्बीण, आणि शेजारी त्या दुर्बिणीचा पत्र्याचा डबा. मी फोटो काढत होतो, तेवढ्यात तिथे स्वयंसेवक म्हणून बसणारे एक आजोबा उठून आले. सैन्यात आर्मरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे. म्हणाले, "फोटो काढा, पण ही जोडी खरी नाही."

मला कळेना. त्यांनी बोट दाखवलं. दस्ता जिथे मुठीत धरतात तिथे, लाकडावर वरच्या बाजूला, एक नंबर ठोकलेला होता. तो रायफलचा नंबर नव्हे, तो दुर्बिणीचा नंबर. आणि वर बसवलेल्या दुर्बिणीवर दुसराच नंबर होता. "या रायफलची दुर्बीण कुठेतरी दुसरीकडे आहे," आजोबा म्हणाले, "आणि ही कुणा दुसरीची आहे."

मी आपला इंजिनिअरी प्रश्न विचारला: पण मॉडेल तेच आहे ना? बसलीय ना व्यवस्थित?

"बसलीय की. पण बसली म्हणून गोळी लागेल असं नाही."

हे वाक्य घेऊन मी हॉटेलवर आलो आणि तेव्हापासून जमेल तसं वाचत राहिलो. त्यातून जे हाती लागलं ते असं.

आधी थोडं गणित, फार नाही. दुर्बिणीतून आपण जी रेषा बघतो ती सरळ असते. गोळीचा मार्ग सरळ नसतो. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडायला लागते, आपण फेकलेल्या चेंडूसारखीच. शिवाय दुर्बीण नळीच्या वर बसवलेली, म्हणजे दोन्ही रेषा सुरुवातीलाच एकमेकींपासून काही सेंटीमीटर लांब. म्हणून नळी नजरेच्या रेषेच्या तुलनेत किंचित वर रोखलेली ठेवतात, म्हणजे गोळी वर चढून, मग खाली येताना, ठरलेल्या अंतरावर नजरेच्या रेषेला बरोबर गाठते. हे गाठणं जुळवून घेणं म्हणजे 'झिरो' करणं. तीन-चार गोळ्या मारायच्या, त्या कुठे लागल्या बघायचं, दुर्बिणीवरची चकती खटखट फिरवायची, पुन्हा मारायच्या. कागदावर सोडवता येत नाही. मारूनच बघावं लागतं.

आता चूक किती चालते ते बघा. समजा दुर्बीण दोन ठिकाणी धरलेली आहे आणि त्या दोन ठिकाणांमधलं अंतर १५ सेंटीमीटर आहे. मागचं टोक फक्त ०.१ मिलिमीटरने, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीने, बाजूला सरकलं. १०० मीटरवर गोळी ६.७ सेंटीमीटर बाजूला जाईल. ४०० मीटरवर जवळजवळ २७ सेंटीमीटर. माणसाचं डोकं साधारण १५ सेंटीमीटर रुंद असतं. एक केस, एक मातीचा कण, एक अर्धवट पिळलेला स्क्रू, आणि संपलं. बघणाऱ्याला मात्र दुर्बिणीत सगळं अगदी आधीसारखंच दिसतं. क्रॉसहेअर जागच्या जागी, चित्र स्वच्छ. एरर मेसेज येत नाही हो. ज्यांनी सायलेंट फेल्युअरशी झुंज दिली आहे त्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

हे ज्याने पहिल्यांदा जाहीरपणे ओरडून सांगितलं तो माणूस झाशीत जन्मला होता. हो, आपल्या राणीच्या झाशीत, राणी गेल्यानंतर अठरा वर्षांनी, १८७६ साली. हेस्केथ हेस्केथ-प्रिचर्ड. (नावात तेच दोनदा आहे, टायपो नाही.) बाप ब्रिटिश सैन्यात अधिकारी, मुलगा जन्मायच्या आधीच वारला, आणि आई बाळाला घेऊन विलायतेला परतली. पुढे हा माणूस शिकारी झाला, प्रवासी झाला, आईबरोबर मिळून कथा-कादंबऱ्या लिहिल्या, हँपशायरकडून फास्ट बोलिंग टाकली, आणि शेरलॉक होम्सवाला कॉनन डॉयल त्याचा मित्र. १९१५ साली वय अडतिसाच्या पुढे गेलेलं असताना फ्रान्सला गेला तो युद्धवार्ताहरांना फिरवून आणणारा अधिकारी म्हणून. जाताना स्वतःच्या दुर्बिणीवाल्या रायफली मात्र बरोबर घेऊन गेला.

तिथे त्याने पाहिलं ते असं. समोरच्या जर्मन खंदकात शिकारी आणि वनरक्षक बसलेले. दुर्बीण लावून हरीण मारायची त्यांना पिढीजात सवय, आणि युद्धाच्या सुरुवातीलाच जर्मनीत लोकांकडच्या शिकारी रायफलीसुद्धा गोळा करून आघाडीवर पाठवलेल्या. ब्रिटिश बाजूला खंदकाच्या वर डोकं काढलं की माणूस जायचा. रोज जायचा. मग ब्रिटिशांनीही घाईघाईने दुर्बिणी विकत घेतल्या, आल्डिसच्या, पेरिस्कोपिक प्रिझम कंपनीच्या, अमेरिकन विंचेस्टरच्या, आणि ठिकठिकाणच्या कारागिरांकडून ली-एनफिल्ड रायफलींवर बसवून घेतल्या.

त्यातही एक मजेशीर (म्हणजे आज मजेशीर) घोळ होता. ली-एनफिल्डमध्ये पाच-पाच काडतुसांची पट्टी वरून दाबून भरतात. वर दुर्बीण आली तर पट्टी कशी घालणार? म्हणून बहुतेक दुर्बिणी नळीच्या डाव्या बाजूला बसवल्या. आता डोळ्याची रेषा आणि गोळीची रेषा वर-खालीच नव्हे, आडवीसुद्धा वेगळी. १०० मीटरवर त्या जुळवल्या तर २०० मीटरवर गोळी तेवढीच पलीकडच्या बाजूला जाणार. हे एक वेळ चालून गेलं असतं. पण खंदकात माणूस पोलादी पत्र्याच्या भोकातून नेम धरतो, आणि भोक असतं अरुंद. नळी भोकातून बाहेर, आणि डावीकडच्या दुर्बिणीसमोर पत्रा! रिक्वायरमेंट लिहिणारा आणि वापरणारा यांची कधी भेट झाली नाही की काय होतं, त्याचा इतका शुद्ध नमुना मी दुसरा पाहिला नाही.

पण खरा घात त्याहून साधा होता. प्रिचर्डने तिथल्या दुर्बिणीवाल्या रायफली तपासायला घेतल्या आणि त्याला आढळलं की बहुतेक सगळ्या चुकीच्या लागतायत. दुर्बिणी चांगल्या. रायफली चांगल्या. पण कुणी स्क्रू ढिला केलेला, कुणी दुर्बीण काढून पुसून परत लावलेली, कुठे पट्टी आपटलेली. आणि वापरणाऱ्याला पत्ताच नाही. काही ठिकाणी तर या रायफली 'ट्रेंच स्टोअर्स' म्हणून धरलेल्या होत्या, म्हणजे फावडी, बादल्या, वाळूची पोती यांच्या यादीत. एक बटालियन विश्रांतीला मागे गेली की पुढे येणाऱ्या बटालियनच्या ताब्यात यादीनुसार सामान द्यायचं. फावडी इतकी, बादल्या इतक्या, दुर्बिणीवाली रायफल एक. सही करा.

ज्या माणसाने ती जुळवली तो निघून गेला. जो आला त्याला ती कुठल्या अंतराला जुळवली आहे, शेवटची गोळी कुठे लागली, मध्ये कुणी हात लावला का, काहीही माहीत नाही. तो फक्त विश्वास ठेवतो. पत्र्यामागून डोकं काढतो, समोरच्या जर्मनावर नेम धरतो, चाप ओढतो आणि गोळी वितभर बाजूला जाते. आता समोरच्याला कळलेलं असतं की भोकामागे कुणीतरी आहे, आणि समोरच्याची रायफल जुळवलेली असते.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल, कारण 'ट्रेंच स्टोअर्स'बद्दल वाचलं त्या रात्री मला तीच आठवली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका बाजार समितीजवळच्या गोदामाच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट काट्यावर चढतो, खालचे लोडसेल सिग्नल देतात, डबा त्याचं वजन दाखवतो, आणि आमचा प्रोग्राम पावती छापतो. एका पावसाळ्यात डबा बंद पडला. मी त्याच मॉडेलचा दुसरा डबा लावला. पिन जुळल्या, दिवा लागला, आकडे आले. मी चहा पिऊन पुण्याला परत. त्या विशिष्ट काट्यासाठी जुळवलेले कॅलिब्रेशनचे आकडे जुन्या डब्यात होते, आणि नव्या डब्यात कुठल्या तरी भलत्याच काट्याचे. दोन दिवस कांद्याची वजनं कमी लागत होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ट्रॉली परत काट्यावर चढवायला लावली, भांडला, म्हणून कळलं. "अरे बाळा, मी पोती मोजून भरलीत," एवढंच तो म्हणत होता, आणि मी त्याला स्क्रीन दाखवत होतो. नंतर पावत्या पुन्हा काढल्या, फरकाचे पैसे दिले. पण रोखीने व्यवहार करून गेलेले काही ट्रॅक्टरवाले आम्हाला सापडलेच नाहीत. चूक सर्वस्वी माझी होती. असो.

प्रिचर्डने काय केलं? आधी तो एकटाच एका बटालियनकडून दुसरीकडे फिरून रायफली जुळवून देत होता. मग १९१६ मध्ये लिंगेम नावाच्या फ्रेंच खेड्यात त्याने फर्स्ट आर्मीची शाळा काढली: स्काउटिंग, ऑब्झर्व्हेशन आणि स्नायपिंग. शाळेत नेमबाजी होतीच, पण त्याचा हट्ट दुसऱ्याच गोष्टीवर होता. दुर्बिणीवाली रायफल एका माणसाची. तिला दुसऱ्याने हात लावायचा नाही. तिची नियमित तपासणी करायची. त्याने १९२० मध्ये 'स्नायपिंग इन फ्रान्स' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं आहे. कागदाच्या लगद्याची डोकी काठीवर धरून जर्मन नेमबाजाला फसवायची आणि डोक्याला पडलेल्या भोकांतून गोळी कुठून आली हे शोधायचं, असले प्रकारही त्यात आहेत, आणि वाचकांच्या लक्षात अर्थातच तेच राहतात. १९२२ मध्ये तो वारला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

युद्ध संपलं आणि ब्रिटिश सैन्य हे सगळं बऱ्यापैकी विसरलं. ते पुन्हा आठवायला दुसरं युद्ध यावं लागलं. आणि यावेळी त्यांनी जे केलं त्याचं मला फार कौतुक वाटतं.

कारखान्यात तयार होणाऱ्या हजारो नंबर ४ रायफलींमधून जास्त अचूक लागणाऱ्या बाजूला काढायच्या. त्या लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवायच्या. ही कंपनी म्हणजे १८३५ पासून श्रीमंतांच्या शिकारी बंदुका बनवणारी, आपले संस्थानिकही तिचे गिऱ्हाईक. १९४२ पासून तिथल्या कारागिरांनी वीस हजारांहून जास्त रायफली हाताखालून काढल्या. रायफलच्या डाव्या अंगाला पुढे एक आणि मागे एक अशा दोन पोलादी बैठका, स्क्रूने आवळून शिवाय डाख देऊन पक्क्या केलेल्या. त्यांवर लोखंडी ब्रॅकेट, दोन मोठ्या हाताने फिरवायच्या स्क्रूंनी बसणारं. ब्रॅकेटमध्ये नंबर ३२ दुर्बीण, तिप्पट मोठं दाखवणारी. (ही दुर्बीण मुळात ब्रेन मशीनगनसाठी काढली होती! वापरली गेली इथे. कुणाच्या प्रोजेक्टचं काय होईल सांगता येत नाही.) यावेळी ती बाजूला न लटकवता नळीच्या वर आणली, आणि पट्टीने काडतुसं भरण्याची सोय सरळ सोडून दिली. एकेक काडतूस भरा म्हणाले.

आणि मग नंबर. ब्रॅकेटवर रायफलचा नंबर. दस्त्याच्या मुठीवर दुर्बिणीचा नंबर. म्हणजे दुर्बीण डब्यात, रायफल पेटीत, दोघी वेगळ्या ट्रकमधून गेल्या तरी कुठेतरी एकत्र आल्यावर कुणालाही दहा सेकंदांत कळावं की ही हिचीच आहे का. इंग्रज याला चक्क लग्नच म्हणतात, जुळलेल्या नंबरांची ती 'मॅच्ड'. साहेबाने कारकुनी पद्धतीने एक तांत्रिक प्रश्न सोडवला. दुर्बिणी अदलाबदल करता येतील इतक्या अचूक बैठका त्या काळात लाखांच्या संख्येने बनवणं परवडणारं नव्हतं. मग निदान अदलाबदल झाली तर ती लपून राहणार नाही, एवढी व्यवस्था केली. डेटा दुरुस्त करता येत नसेल तर फॉरेन की तरी नीट ठेवा!

सगळं आलबेल नव्हतंच. पुढच्या बैठकीचे स्क्रू ढिले होण्याची तक्रार त्या रायफलींच्या मागे कायम राहिली. पावसात लाकूड फुगतं, फुगलं की नळीवर वेगळा दाब देतं आणि गोळी सरकते, मग दुर्बीण कितीही घट्ट असो. पहिल्या प्रकारच्या दुर्बिणीत झिरो केल्यावर चकतीवरचे आकडे परत शून्याशी आणायला खास पाना लागायचा. मार्क ३ मध्ये ते सोपं केलं. पण मूळ रायफल इतकी टिकाऊ निघाली की १९७० च्या सुमारास त्यातल्या काहींना नवीन ७.६२ मिलिमीटरची नळी बसवून एल४२ए१ या नावाने पुन्हा सेवेत घेतलं, त्याच दुर्बिणी यार्डांऐवजी मीटरमध्ये आखून. १९८२ च्या फॉकलंडच्या युद्धात त्या होत्या.

तोवर अमेरिकेत वेगळाच विचार चालू होता, आणि तो आपल्या धंद्यातल्या लोकांना लगेच पटेल: जोड्या कसल्या लावताय, इंटरफेस ठरवा! विल्यम वीव्हर नावाच्या माणसाने १९३० पासून सामान्य शिकाऱ्याला परवडतील अशा दुर्बिणी विकायला सुरुवात केली होती. त्याच्या कंपनीची पट्टी, म्हणजे रेल, लोकप्रिय झाली: रायफलवर आडव्या खाचा असलेली पट्टी, दुर्बिणीच्या कड्याला एक आडवा दांडा, दांडा खाचेत, बाजूने आवळा. फक्त खाचांमधलं अंतर ठरलेलं नव्हतं. शेवटी न्यू जर्सीतल्या पिकाटिनी आर्सेनलमध्ये त्याचं प्रमाणीकरण झालं आणि ३ फेब्रुवारी १९९५ ला मिल-स्टँडर्ड १९१३ निघालं. खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १०.०१ मिलिमीटर, सगळीकडे, नेहमी. आज सिनेमात, गेममध्ये बंदुकीवर ती दातेरी पट्टी दिसते ना, ती हीच. दिवसाची दुर्बीण काढा, लाल ठिपक्याची लावा, ती काढून रात्रीची लावा. यूएसबी झालं बंदुकीचं.

आणि इथेच पुन्हा तोच खड्डा. वीव्हरची खाच ४.५७ मिलिमीटरची. म्हणजे वीव्हरचं सामान पिकाटिनीवर बसतं. बॅकवर्ड कंपॅटिबल! पण ५.२३ वजा ४.५७, म्हणजे ०.६६ मिलिमीटर मोकळी जागा खाचेत राहते. दोन्ही पिकाटिनी असले तरी थोडीफार फट असतेच, नाहीतर घालता-काढता येणार नाही. गोळी सुटली की रायफल झटक्याने मागे येते आणि दुर्बीण जडत्वाने होती तिथे राहू बघते, म्हणजे रायफलच्या तुलनेत पुढे सरकते. म्हणून जाणती माणसं दुर्बीण बसवताना ती आधी पुढे, नळीच्या तोंडाकडे रेटतात, दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवतात आणि मगच आवळतात. दर वेळी तीच खाच, आणि दर वेळी तेवढाच पीळ, तोही टॉर्कच्या पान्याने मोजून. रेल तीच असली तरी एक खाच पुढे बसवली तर झिरो हललेला असू शकतो, कारण पट्टी पूर्ण सरळ कधीच नसते.

नाटोने २००९ मध्ये याच रेलची सुधारलेली आवृत्ती काढली, स्टॅनॅग ४६९४. बाहेरून बघितलं तर फरक कळणारही नाही. टॉलरन्स आवळले, आणि दुर्बिणीने पट्टीच्या तिरक्या कडांवर नव्हे तर वरच्या सपाट भागावर टेकावं असं ठरवलं. तिरक्या कडांवर पकडलं की आवळण्यात जरा फरक पडला तरी वस्तू वर-खाली बसते. सपाट पृष्ठभाग मात्र जिथल्या तिथे असतो. चौदा वर्षं वापरून झाल्यावर, इतका बारीक बदल. मला अशी माणसं आवडतात.

तरीही कुठलंच स्टँडर्ड झिरो देत नाही. रेल सांगते की दुर्बीण बसेल. चांगलं माउंट सांगतं की काढून परत लावलीस तर जवळजवळ तिथेच येईल. पण पहिल्यांदा ती या नळीशी, या काडतुसाशी जुळवणं हे रेंजवर जाऊन गोळ्या मारूनच होतं, आणि दुसऱ्या रायफलवर नेली तर पुन्हा पहिल्यापासून. यातली सगळ्यात हुशार पळवाट मला रात्रीच्या यंत्रांची वाटते. पूर्वी रात्री दिवसाची दुर्बीण काढून रात्रीची लावायची आणि झिरोचा जीव टांगणीला. आता मिळणारी क्लिप-ऑन यंत्रं दिवसाच्या दुर्बिणीच्या पुढे बसतात आणि तिला नुसतं उजळ चित्र दाखवतात, न हलवता. जुळलेल्या जोडीला हातच लावायचा नाही.

आणि जोडीत माणूसही धरावा लागतो. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते आपण सगळ्यांनी ऑफिसच्या स्क्रीनवर पाहिलं. त्या प्रकारात भिंगाची दुर्बीण चालत नाही, छोट्या छिद्रातून नेम धरतात. पण झिरो तिथेही आहेच. दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं. आधी गुडघ्यावर, मग झोपून, मग उभं राहून. रायफल तीच, काडतुसं तीच, नेमबाजही तोच, पण शरीराची ठेवण बदलली की गोळी सरकते. म्हणून प्रत्येक स्थितीत आधी हिशेबात न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या मारायला मिळतात आणि नेमबाज साइट खटखट फिरवून परत जुळवतो. ट्रेंच स्टोअर्सच्या यादीवर सही करून रायफल घेणाऱ्या त्या पोराला ही सोय मिळाली नव्हती.

त्या म्युझियमबद्दल एक राहिलंच. आजोबांनी मला शेवटच्या पेटीशी नेलं. तिथे एक एल४२ए१ होती. तिच्या मुठीवरच्या लाकडावर एक नंबर होता, त्यावर आडवी रेघ मारलेली. खाली दुसरा नंबर, त्यावरही रेघ. त्याखाली तिसरा, तो मात्र मोकळा, आणि वरच्या दुर्बिणीवर तोच. दर वेळी दुर्बीण बदलली की जुना नंबर खोडायचा, पण घासून काढून टाकायचा नाही, आजोबांनी सांगितलं. त्यातला एक त्यांच्याच हातचा असू शकतो म्हणाले, खात्री नाही, अशा पुष्कळ केल्या.

मी विचारलं, आधी रेंजवर जाऊन जुळवायचात की आधी नंबर ठोकायचात?

"मी आधी रेंजवर जायचो," ते म्हणाले. "पाऊस असेल तर आधी नंबर ठोकणारेही पाहिलेत."

मग त्यांनी घड्याळ बघितलं. चार वाजले होते, म्युझियम बंद करायची वेळ. माझी बस चार वाजून दहा मिनिटांनी होती, आणि ती त्या दिवशी नेमकी वेळेवर आली.